मुक्याचा ठेका

बँडमध्ये गाणी कमी आणि किस्से जास्त तयार होतात. एक गाणं बसवायला आम्हाला महिना लागतो. किस्सा नुसतं चहाला थांबलं तरी होतो! त्यातून बँड बनारसचा असेल, तर विचारायलाच नको. आमची गाणी लोक विसरले असतील, पण किस्से अजून या दुकानातून त्या दुकानात फिरतायत. कधी कधी ते फिरून आमच्याकडेच येतात, आणि आम्हीच ते नव्याने ऐकून हसतो.

आमचा बँड तिघांचा. मी सुहास, बेस गिटार वाजवतो आणि दिवसा बँकेत बसतो. विक्की गातो आणि गिटार वाजवतो. त्याच्या घरचं साड्यांचं दुकान आहे. तिसरा मुकुंद, आमचा ड्रमर. मुकुंद आणि मी दुर्गाघाटाच्या एकाच गल्लीत वाढलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. त्याचे वडील अण्णा वेदपाठी. पाठशाळेत शिकवतात, कमी बोलतात. अशा माणसाच्या पोटी हा रॉक ड्रमर! आणि गंमत म्हणजे लहानपणापासून सगळे त्याला 'मुक्या' म्हणतात. हा मुक्या वाजवायला बसला की आवाज पंचगंगा घाटापर्यंत जातो.

बँडला आम्ही नाव ठेवलं 'साँड', म्हणजे वळू. बनारसच्या गल्लीत खरा मालक कोण, तर साँड. तो आडवा बसला की मंत्र्यालासुद्धा उलटं फिरावं लागतं. पोस्टरवाल्याला वाटलं, आम्हाला 'साउंड' म्हणायचंय. त्याने आपल्या मनाने दुरुस्ती करून दिली. शोच्या दिवशी फाटकावरच्या माणसाने पोस्टर बघितलं, आम्हाला बघितलं आणि म्हणाला, "साउंडवाले पीछे के गेट से! स्पीकर लगा के जल्दी निकल लो, बैंड आने वाला है।"

*

आता तो प्रसंग सांगतो, ज्याच्यापासून पुढचं सगळं सुरू झालं.

एका कॉलेजचा शो करून आम्ही परत येत होतो. विक्की आणि मी सामानाबरोबर टेम्पोत, मुक्या पुढे मोटरसायकलवर. ट्रकने त्याला बाजूने दाबलं. आम्ही पोचलो तेव्हा तो शुद्धीत होता, पण पायाकडे बघवत नव्हतं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी बराच प्रयत्न केला. शेवटी उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नीट जागा झाला. त्याची आई दाराबाहेर तोंडाला पदर लावून उभी. अण्णा खिडकीशी, पाठमोरे. सांगायचं काम माझ्यावर आलं.

"मुक्या, पाय काढावा लागला रे."

त्याने छताकडे बघत विचारलं, "कुठला?"

"उजवा."

"म्हणजे किक गेली."

ड्रमसेटमध्ये खाली जो मोठा ढोल असतो ना, तो उजव्या पायाच्या पेडलने वाजतो. त्याला आम्ही किक म्हणतो. सगळ्या गाण्याचा पाया तोच. एवढं बोलून मुक्याने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि रडायला लागला. मीही रडायला लागलो.

तेवढ्यात सलाईन बदलायला नर्सबाई आल्या. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं होतं. मुक्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अरे भइया, किक के लिए काहे रोते हैं? अब तो सब गाड़ी सेल्फ-स्टार्ट आती है!"

मुक्या रडता रडता असा हसला की सलाईनची सुई निघाली.

*

घरी आणल्यावर बघायला येणाऱ्यांची रांग लागली. बनारसची मराठी मंडळी मोजकी, पण आजारी माणसाला बघायला सगळी येतात, आणि प्रत्येक जण एक सल्ला ठेवून जातो. ब्रह्माघाटचे एक काका आले. मोसंबी ठेवली, उसासा टाकला आणि मुक्याच्या आईला म्हणाले, "वहिनी, झालं ते झालं. आता ते ढोलबाजी सोडून पोराला काहीतरी बसून करण्यासारखं काम बघून द्या."

काकू, म्हणजे मुक्याची आई, तेव्हा आत पोळ्या लाटत होत्या. लाटणं हातातच धरून त्या बाहेर आल्या.

"का हो, आधी काय तो उभा राहून वाजवायचा?"

*

बोलणं सोपं असतं. मुक्या मात्र सेटकडे बघायला तयार नव्हता. सेट माझ्या घरी चादरीखाली झाकून ठेवला होता. तो आला की त्या खोलीला पाठ करून बसायचा. मधेच म्हणायचा, "सुहास, नसलेला पाय ठेका धरतोय रे. मला कळतंय, पण ऐकू येत नाही." मी चहा करायला उठायचो.

त्यात एक ठरलेला शो होता. विक्की मला म्हणाला, "किसी और को बैठा लें क्या?" मला ते बरोबर वाटत नव्हतं, पण मुक्यानेच जोर केला. "बसवा कोणाला तरी. बँड माझ्यासाठी बंद नको." मग कॅन्ट भागातला एक चांगला ड्रमर आणला. हुशार पोरगा, आमची गाणी पटापट उचलली.

शोला मुक्या कुबड्या घेऊन आला आणि पहिल्या रांगेत बसला. मी वाजवत होतो, पण नजर त्याच्याकडे. पहिल्या गाण्याला शांत होता. दुसऱ्या गाण्याला चुळबुळ करायला लागला. तिसऱ्या गाण्यात एक जागा आहे, तिथे सगळं थांबतं आणि मग किक एकटी परत येते. तिथे नवा ड्रमर जरा रेंगाळला. मुक्याने कुबडी जमिनीवर ठण्ण करून वाजवली! बरोबर जागेवर! शेजारच्या बाईंच्या मांडीवरची पर्स उडाली.

शो संपल्यावर आम्ही घाबरत त्याच्याजवळ गेलो. वाटलं, वाईट वाटलं असणार.

"पोरगा चांगला वाजवतो," मुक्या म्हणाला. "पण परत माझ्या जागेवर बसला तर याद राख! उद्या सकाळी चादर काढ."

*

चादर काढली आणि खरी लढाई सुरू झाली. किकचं पेडल डाव्या पायाखाली आणलं. आता डाव्या पायाला जन्मभर वेगळंच, झांजांच्या पेडलचं काम होतं. उजव्या हाताने जेवणाऱ्या माणसाला एके दिवशी डाव्याने जेवायला सांगावं, तसं. हात पुढे पळायचे, पाय मागे राहायचा. मुक्या काठ्या फेकायचा, शिव्या द्यायचा, आणि परत काठ्या मागायचा. फेकलेल्या काठ्या उचलायला मीच जायचो. माझी बँकेत जायची वेळ झाली तरी हा थांबायचा नाही.

त्याच काळात नवा पाय मिळाला. जयपूर फूटसारखा, रबरी पंज्याचा. त्याच्यावर चालायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. दोन बाजूंना लोखंडी दांडे, मधून पेशंट चालणार, मॅडम टाळ्या देणार, "एक-दो, एक-दो!"

मुक्या चार पावलं चालला आणि थांबला.

"क्या हुआ? दर्द है?"

"नहीं मैडम. आप लय में आगे भाग रही हैं."

मॅडम रागावल्या. "चलना आपको सीखना है कि मुझे?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच मोबाइलवर ठेका लावला. मग काय! सगळ्या पेशंटांना त्या ठेक्यावर चालायची चटक लागली. खोलीत परेड सुरू. मुक्या रोज ठेका जरा जरा वाढवायचा. शेवटी कोपऱ्यातले एक म्हातारे आजोबा दांडा धरून ओरडले, "ए बेटा! कोई भजन लगाओ. हमको शादी में नहीं नाचना है, बस बाथरूम तक जाना है!"

*

पहिला शो. म्हणजे मुक्याच्या परत येण्याचा पहिला. डाव्या पायाने किक, नवा पाय दुसऱ्या पेडलवर, घरात जमत होतं. पण घर वेगळं आणि शेकडो पोरांसमोरचं स्टेज वेगळं.

सूत्रसंचालकाने सगळा घोळ केला. त्याला कोणीतरी मुक्याबद्दल सांगितलं होतं. त्याने आवाज कापरा केला. "दोस्तो, आज आपके सामने एक ऐसा योद्धा है..." पाच मिनिटं तेच. मागे कोणाची तरी बासरी लावली. पोरी डोळे पुसायला लागल्या. मग सगळं पब्लिक उभं राहून टाळ्या! आम्ही एक सूरही वाजवला नव्हता.

मुक्याचे कान लाल झाले. त्याने विक्कीच्या हातातून माइक ओढला.

"भाई, पहले सुन तो लो!"

लोक हसले, बसले, आणि आम्ही सुरू केलं. आणि नेमका पहिल्याच गाण्यात मुक्याचा डावा पाय चुकला. किक भलतीकडे. मी आणि विक्की कसेबसे सावरून घेत होतो. पब्लिकला काही कळलं नाही, किंवा कळूनही दया आली असेल. परत टाळ्या, परत शिट्ट्या!

मुक्याने दोन्ही हात वर करून गाणंच थांबवलं. मला वाटलं, हा आता उठून जाणार.

"गलत बजाया है," तो माइकवर म्हणाला. "इस पे ताली मत बजाओ. फिर से बजाते हैं. अबकी गलत हुआ तो हूट करना."

आणि मग जे वाजलं, ते मी अजून अंगावर घेऊन फिरतो. गाणं संपल्यावर एक क्षण कोणी टाळीच वाजवेना. मागून एक पोरगा ओरडला, "भइया, अब बजा दें?"

*

थंडीत गंगेपलीकडच्या रेतीवर एक कार्यक्रम होता. सकाळी मुन्शी घाटावरून नाव केली. सेट नावेत, आम्ही सेटच्या फटीत. मुक्याचा पाय घासून दुखत होता, म्हणून त्याने तो काढून फळीवर ठेवला. बूट-मोज्यासकट. तेवढ्यात शेजारून मोटरबोट गेली, लाट आली, आणि पाय गंगेत!

बुडला असता तरी बरं. तो तरंगायला लागला. बूट खाली, वरचा भाग बाहेर, रमतगमत थेट घाटावर आंघोळ करणाऱ्या बायकांकडे निघाला. पुढच्या बाईंनी डुबकी मारली, वर आल्या, डोळे उघडले...

त्या किंकाळीने घाटावरची सगळी कबुतरं उडाली! "पैर! पैर! किसी का पैर बह रहा है!" कोणी रामनाम घ्यायला लागलं, कोणी पोलिसांना बोलवा म्हणायला लागलं.

आमचा नावाडी रामधनी शांतपणे वल्हवत तिथे गेला, पाय उचलला, त्यातलं पाणी झटकलं आणि म्हणाला, "काहे हल्ला कर रही हैं माताजी? मालिक जिंदा हैं, यहीं बैठे हैं!"

मुक्याने नावेतून बसल्या बसल्या नमस्कार केला.

संध्याकाळी घरी ही गोष्ट सांगितली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. अण्णा पोथीतून मान वर न करता बसले होते, पण पान काही उलटत नव्हते. काकू मुक्याला म्हणाल्या, "थंडी सुरू झाल्यापासून गंगेवर चल म्हणून मागे लागलेय. आज एकटा पायच न्हाऊन आला? बाकीच्याला कधी नेतोस?"

*

सायली रेल्वेतल्या मराठी कुटुंबातली, शाळेत शिकवते. आमच्या एका शोला आली, मग दुसऱ्या, मग प्रत्येक. मी आणि विक्की उगाचच समजत होतो की ती आमच्या गाण्यांसाठी येते.

तिच्या आईला हे स्थळ पसंत नव्हतं. मुलगा चांगला, घर चांगलं, पण पाय! बरेच दिवस घरात अबोला. शेवटी सायली म्हणाली, "आई, मला लग्न करायचंय, टेबल नाही विकत घ्यायचंय. पाय काय मोजत बसलीस?"

लग्न ठरलं.

*

मंगला गौरी मंदिराजवळच्या एका कार्यालयात लग्न. गुरुजी अण्णांच्या पाठशाळेतलेच, वयस्कर आणि कडक. मंत्राच्या मधे कोणी खोकलं तरी डोळे वटारायचे. मुक्या पीतांबर नेसलेला, खालून नवा पाय स्पष्ट दिसत होता. पाहुण्यांमधले निम्मे तिकडेच बघत होते आणि निम्मे तिकडे न बघण्याची खटपट करत होते. सायलीच्या आईचा चेहरा ताणलेला. मुक्यालाही घाम फुटला होता. एवढ्या शोमध्ये मी त्याला असा घाबरलेला पाहिला नव्हता.

सप्तपदीची वेळ आली. तांदळाच्या सात राशी मांडल्या. मुक्याने सायलीचा हात धरला. प्रत्येक पावलाला एक मंत्र असतो. गुरुजींनी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात पहिला मंत्र म्हटला. शेवटचे शब्द साऱ्या कार्यालयात घुमले, "एकपदी भव!"

मुक्या थांबला.

"गुरुजी," तो म्हणाला, "ते तर मी आधीच झालोय!"

गुरुजींचं तोंड उघडं ते उघडंच. सायलीच्या आईने डोळे मिटून घेतले. काकूंनी पदर तोंडात कोंबला. विक्की माझ्या कानात, "क्या बोला? क्या बोला?" सायलीचे खांदे हलत होते, हसतेय की रडतेय, मागून कळेना.

होमाशेजारी बसलेल्या अण्णांनी उपरणं सारखं केलं आणि मान वर करून पोराकडे पाहिलं.

"दम धर जरा," अण्णा म्हणाले. "पुढचं पाऊल द्विपदीचं आहे."