सगळे जमा, ओव्हर

मिलमधली पोरं विचारतात, "आबा, फौजेतला माणूस हिशेबाच्या टेबलावर कसा काय?" मी टाळतो. डाळ मिलमध्ये कामाच्या वेळी गप्पा मारलेल्या मला चालत नाहीत. पण एकदा सांगून टाकतो.

आमची बटालियन तेव्हा उत्तरेला, बर्फाच्या डोंगरात होती. मी सिग्नल प्लाटूनमध्ये नाईक. बेसवरचा रेडिओ सेट माझ्याकडे. वरच्या पोस्टवर सेट सांभाळायचा लान्स नाईक प्रल्हाद. तो जळगावजवळच्या असोद्याचा, मी धुळ्याकडचा. प्लाटून आम्हा दोघांना केळीवाले म्हणायची. आमच्या गावात केळी कुठली? पण ऐकतं कोण! माझ्या तोंडून 'आहे'ऐवजी अहिराणी 'शे' निघालं की प्रल्हाद सेटवरही हसायचा.

"शे नाही भो, हाये म्हण. अकाउंटंट व्हायचंय तुला."

"मोठा आला शहाणा. ओव्हर."

अकाउंटंटचं खूळ त्याचंच. एकदा तो रजेवर घरी गेला, तर चार वर्षांची पोरगी आईच्या मागे लपली. म्हणाली, "आई, फौजीकाका आले." परत आल्यावर त्याने मला हे सांगितलं तेव्हा तो हसत होता, पण ते काही खरं हसणं नव्हतं. म्हणाला, "बस झालं. पेन्शन घेतो अन् जळगावात कुठल्या तरी मिलमध्ये हिशेबाला बसतो. पंख्याखाली. सुटी झाली की सायकल मारायची, दिवेलागणीला घरी."

"बंदूक धरणाऱ्याला कोण देतंय खुर्ची?"

"म्हणून तर बी.कॉम. करायचं. पुस्तकं टपालाने येतात, परीक्षा जळगावात."

मुक्त विद्यापीठाचे दोन फॉर्म त्याने आणले होते. एक त्याचा, एक माझा. माझा त्याने न विचारताच भरून टाकला. म्हणे, एकटा नापास झालो तर लाज वाटेल, दोघं झालो तर चालतं.

पुस्तकं आली. त्याच्या डोक्यात सगळं पटापट बसलं. माझं घोडं पहिल्याच धड्यात अडलं.

रोज संध्याकाळी पोस्टकडून रिपोर्ट यायचा. माणसं मोजून प्रल्हाद सांगायचा, "सगळे जमा, ओव्हर." मी म्हणायचो, "रॉजर." म्हणजे पोस्टवर सगळे हजर आहेत, ठीक आहेत. फौजेत जमा म्हणजे हजर. 'प्लाटून जमा' म्हटलं की पळत येऊन उभं राहायचं. आणि पुस्तकात काय? येणारं ते नावे, जाणारं ते जमा!

मी सेटवरच भांडलो. "डोकं फिरलंय का पुस्तकवाल्याचं? हजर असतो तो जमा. गेला तो जमा कसा? बठ्ठं, सगळंच उलटं शे! ओव्हर."

"हिशेबात तसंच असतं. वस्तू आपल्याकडून गेली की तिचं खातं जमा. भांडू नको, पाठ कर. ओव्हर."

आमचे सुभेदार साहेब कडक. सेटवर फालतू बोलणं बंद. पण संध्याकाळचा रिपोर्ट झाला की ते चहाचा मग घेऊन आमच्याकडे पाठ करून बसायचे. तेवढ्यात आमचा वर्ग भरायचा. मी प्रत्येक गणित उलटं सोडवायचो आणि प्रल्हाद वरून शिव्या घालायचा. एकदा साहेब पाठमोरेच म्हणाले, "नाईक, आता तर मलाही आलं. तुला कधी येणार?"

त्या हिवाळ्यात बर्फ थांबेचना. पोस्टची वाट बंद झाली. एका सकाळी प्रल्हादचा आवाज बसलेला वाटला.

"काय झालं? ओव्हर."

"काही नाही भो. खोकला शे."

माझी नक्कल करतोय म्हणून मी हसलो. दुपारी सेटवर शिंदे आला. हा पोस्टवरचा शिपाई, सेटवर कधीच न बसलेला. "बेस, प्रल्हादला श्वास घेता येत नाही. तोंडातून फेस येतोय." ओव्हर म्हणायचंही तो विसरला.

आमचे डॉक्टर कॅप्टन साहेब धावत आले. त्यांनी चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "छातीत पाणी झालंय. खाली आणला तरच वाचेल." पण आणणार कसा? वाट तर बंद. पोस्टवर ऑक्सिजनचा एकच सिलिंडर होता, तो लावला. हेलिकॉप्टर उडालं, ढगात शिरलं आणि परत आलं. पायलट हेलिपॅडवर येरझाऱ्या घालत राहिला. त्याचाही जीव तुटत होता, पण तो तरी काय करणार?

डॉक्टरांनी माइक माझ्या हातात दिला. "त्याला बसता ठेवायला सांगितलंय. तू बोलत राहा. शुद्ध जाऊ देऊ नकोस."

काय बोलू? अशा वेळी माणसाशी काय बोलायचं हे फौजेत कोणी शिकवत नाही. पोस्टचा डोंगर तंबूच्या दारातून रोज दिसायचा, त्या दिवशी नुसतं पांढरं. संताप येत होता, पण काढायचा कोणावर? आभाळावर?

"प्रल्हाद, मिलमध्ये नवं मशीन आलं. नावे का जमा? ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर. मग आवाज आला. "नावे."

"शाब्बास. जुनं कपाट विकलं. गेलं. आता? ओव्हर."

"जमा." मग धाप. "तू... उलटं लिहिशील."

"नाही लिहिणार. आईशप्पथ नाही लिहिणार. ओव्हर."

मी टेबल विकलं, खुर्ची विकली, घेतली, पुन्हा विकली. सुचेल ते विचारत गेलो. उत्तरं यायची थांबली तरी विचारत राहिलो. ढग काही हलले नाहीत.

संध्याकाळच्या रिपोर्टची वेळ झाली. सेटवर शिंदे आला. म्हणाला, "बेस, पोस्टचा रिपोर्ट. सगळे..." आणि गप्प झाला. सुभेदार साहेब माझ्या मागे उभे होते. हातात चहाचा मग नव्हता. त्यांनी माझ्याकडून माइक घेतला. "शिंदे, समजलं बेटा. रॉजर."

पुढे मी पेन्शन घेतली. या मिलमध्ये लागलो, इथेच जळगावात मेहरूणला घर केलं. पंख्याखाली बसतो. सुटी झाली की सायकल काढतो आणि दिवेलागणीला घरी असतो. नातवंडं मला ओळखतात. हे सगळं प्रल्हादला हवं होतं आणि मिळालं मला. याचं काय करायचं ते मला आजवर कळलेलं नाही.

परीक्षेचं सांगायचं राहिलं. त्याच वर्षी रजा घेऊन मी जळगावला आलो. आदल्या दिवशी असोद्याला जाऊन आलो. त्याच्या बायकोने विचारलं, "भाऊ, शेवटी काय बोलले ते?"

"हिशेब शिकवत होते, वहिनी. मला."

"तिथंबी हिशोबच?" ती हसली आणि मग पदर तोंडाला लावला. मी ओसरीवर बसून राहिलो. पोरगी माझ्याकडे बघत होती. मी गणवेशात नव्हतो, म्हणून तिने मला काहीच हाक मारली नाही.

आमचे फॉर्म एकत्र भरलेले, त्यामुळे नंबर पाठोपाठ. त्याचा बाक माझ्या मागचा. मॅडम हजेरी घेत आल्या. माझी सही झाली. मागे त्यांनी प्रल्हादचं नाव दोनदा पुकारलं आणि मला विचारलं, "हे तुमच्यासोबतचे का? गैरहजर लिहू?"

मी उठून सावधानमध्ये उभा राहिलो. "जमा, मॅडम."

"अहो, जमा म्हणजे? आलेत की नाही?"

मी तसाच सावधानमध्ये उभा राहिलो. सगळा हॉल बघत होता. "बसा तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे गेल्या.

पेपर वाटले. जमा-नावेचा प्रश्न होताच.

उलटं नाही लिहिलं रे. ओव्हर.