बोटीसाठी थांबणारी गाडी

तात्या कुठलाही प्रवास शेवटाकडून आखत. पोचायचं कधी हे आधी ठरवायचं, मग त्या वेळेला पोचवणारी गाडी शोधायची, त्या गाडीला जोड देणारी बोट शोधायची, आणि घरातून कधी निघायचं हे सगळ्यात शेवटी बघायचं. बंदर स्टेशनच्या तिकीट खिडकीमागे त्यांची अख्खी नोकरी अशी उलट्या वाटेने गेली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी भाजी आणायला पिशवी हातात दिली की ते आधी विचारत, जेवायला कधी बसायचंय. बायको म्हणे, "अहो, कोपऱ्यावर जाताय, परदेशी नाही."

त्यांच्या खिडकीवर जोडतिकीट मिळायचं. लांबट, घडीचं, तीन पानी. पहिलं पान अलीकडच्या गाडीचं, दुसरं बोटीचं, तिसरं पलीकडच्या देशातल्या गाडीचं. प्रत्येक टप्प्यावरचा तपासनीस आपलं पान फाडून घेई आणि मुक्कामी पोचेपर्यंत प्रवाशाच्या हातात नुसतं वेष्टण उरे. रूळ थेट धक्क्यापर्यंत आलेले होते. गाडीतून उतरलं की समोर बोटीवर चढायची फळी, मध्ये काय ती पासपोर्ट बघणाऱ्याची टपरीवजा खोली. ओल्या दोरखंडांचा आणि डिझेलचा वास तात्यांच्या कोटात इतका मुरला होता, की तो कोट घरात दाराबाहेरच्या खुंटीवर राही.

खिडकीच्या आत, भिंतीवर एक फोन होता. तो फक्त पलीकडच्या बंदर स्टेशनात वाजायचा. बोट सुटली की तात्या तो उचलत आणि सांगत, "बोट सुटली. तुझे वीस आहेत." 'तुझे' म्हणजे पलीकडची गाडी पकडणारे. वारा सुटला असेल तर म्हणत, "बोटीला उशीर आहे." पलीकडून एकच शब्द येई: "थांबवतो." गाडीने बोटीसाठी थांबावं असं कुठल्याही वेळापत्रकात लिहिलेलं नव्हतं. वरच्या साहेबांना ते माहीत होतं आणि त्यांनी ते कधी माहीत करून घेतलं नव्हतं.

पलीकडच्या फलाटावर 'थांबवतो' म्हणणारा माणूस म्हणजे दादा. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं तेव्हापासून ते फोनवर भांडत. तुमची बोट म्हणजे सासरी निघालेली नवरी, हलता हलत नाही, असं दादा म्हणे. तात्या म्हणत, तुझ्या गाडीला एवढी कसली घाई, पुढे कोण वाट बघतंय तिची. मग एकदा दादाने सांगितलं, की उद्या माझी बहीण परीक्षेला तिकडे येतेय, तिचं परतीचं तिकीट नीट काढून दे. बहीण आली, परीक्षा झाली, ती खिडकीशी उभी राहिली. तात्यांनी त्या दिवशी शिक्का उलटा मारला, असं ती सांगते; तात्या ते कबूल करत नाहीत. वर्षभरात लग्न झालं. तेव्हापासून घरी कुणी पाहुणा आला की बायको हमखास म्हणते, "माझं परतीचं तिकीट अजून यांच्याकडेच आहे." लग्नानंतर तिने सुचवून पाहिलं, दादा आता तुमचा मेहुणा, वयाने मोठा, त्याला 'अहो' म्हणा. पण फोनवरची जीभ वळेना. 'तुझे वीस' ते 'तुझे'च राहिले.

यंदा दादाच्या मुलीचा फोन आला. दादाला माणसं आठवेनाशी झाली होती. सकाळी तो स्वतःच्या मुलीला शेजारीण समजे. दुपारची झोप झाली की तास-दोन तास बरा असे. मग पुन्हा धुकं. भाची म्हणाली, आत्या, येऊन जा.

विमानाने जाणं बायकोला शक्य नव्हतं. कानाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी विमान बंद केलं होतं. तात्यांना मनातून बरंच वाटलं असावं. त्यांनी जेवणाच्या टेबलावर चष्मा, पेन्सिल आणि मुलाचा लॅपटॉप मांडला आणि शेवटाकडून सुरुवात केली. दादाची झोप दुपारी संपते. म्हणजे त्या सुमाराला दारात. म्हणजे दुपारची गाडी. म्हणजे सकाळची बोट. जोडतिकीट केव्हाच बंद झालं होतं. बोटीचं वेगळं काढावं लागलं, गाड्यांची वेगळी. मुलाने सगळं पडद्यावर पाहिलं आणि तो म्हणाला, बोट लागते आणि गाडी सुटते यात जेमतेम अर्धा तास आहे. पुढच्या गाडीने जा, रात्री भाचीकडे झोपा, दादामामाला दुसऱ्या दिवशी भेटा.

"गाडी थांबते," तात्या म्हणाले.

"कोण थांबवतं?"

"थांबवतात तिथले."

मुलाने आईकडे पाहिलं. ती कपडे घडी करत होती. रात्री पोचणं तिला नकोच होतं. संध्याकाळच्या धुक्यात पहिली गाठ पडली आणि दादाने ओळखलं नाही, तर पुन्हा त्याच्यासमोर जायचा मला धीर होणार नाही, हे ती मुलाला आधीच बोलली होती. आणि गाड्यांच्या बाबतीत नवऱ्याचं चुकतं हे तिने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. मुलाने लॅपटॉप मिटला.

वारा निघतानाच होता. बोट भर समुद्रात नुसती दमत राहिली. तात्या डेकवर उभे राहून घड्याळ बघत होते, पण काळजीने नाही. उशीर किती, हे पलीकडे सांगायला हवं, या जुन्या सवयीने. बोट लागली तेव्हा गाडीची वेळ होऊन गेली होती. पासपोर्टची रांगही लांबली. बायकोने एकदाच विचारलं, "थांबली असेल ना?" तात्या म्हणाले, असेल.

फलाट रिकामा होता. ज्या फलाटावर दादा शिट्टी तोंडात धरून उभा राहायचा, तिथे आता खाऊची दोन यंत्रं होती. चौकशीच्या काचेमागच्या मुलीने सांगितलं, की गाडी वेळेवर गेली. तात्यांनी बोटीचा उशीर सांगितला. ती नम्रपणे म्हणाली, बोट दुसऱ्या कंपनीची आहे, आम्हाला त्यांचं काही कळत नाही. पुढची गाडी संध्याकाळी. तात्यांनी विचारलं, बोटीसाठी गाडी थांबवायचं बंद कधी झालं. तिला प्रश्नच समजला नाही. तेव्हा कुठे मुलाचा प्रश्न तात्यांपर्यंत पोचला. थांबवणारा दादा होता. आणि दादा आता ज्या घरी बसला होता, तिकडेच तर हे दोघं निघाले होते.

"माझं चुकलं," ते बायकोला म्हणाले. बाकावर बसून तिने भाचीला फोन लावला, उशिराचं सांगितलं. भाची म्हणाली, आज झोप लवकर मोडलीय, बोल तरी. फोनवर दादाचा आवाज आला. बायको म्हणाली, "दादा, मी बोलतेय." दादाने विचारलं, "कोण बाई आपण?" तिने आपलं नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं. दादाने पुन्हा तेच विचारलं, तितक्याच अदबीने. तिने फोन तात्यांच्या हातात ठेवला आणि ती रुळांकडे बघत राहिली.

तात्यांनी फोन कानाला लावला. तब्येत विचारावी असं मनात होतं. पण समोर फलाट होता, पाठीमागे बोटीचा भोंगा वाजत होता, आणि तोंडून निघालं ते असं:

"बोटीला उशीर झाला. तुझे दोन आहेत."

मग दादाने विचारलं, "सामान किती?"

"एक बॅग. आणि तुझी बहीण."

"तिला पळू नको म्हणावं. वाऱ्यात फळी ओली असते, ती नेहमी घसरते." जरा थांबून दादा म्हणाला, "थांबवतो."

तात्यांनी शब्दन् शब्द बायकोला सांगितला. फळीचं ऐकल्यावर तिने विचारलं, "नेहमी म्हणाला?" ते म्हणाले, हो, नेहमी. ती एकदाच घसरली होती, परीक्षेहून परत जाताना, आणि ते तिने नवऱ्याला आजवर सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. मग तिने डबा उघडला आणि दोघांनी बाकावर बसून खाल्लं.

संध्याकाळची गाडी वेळेवर आली. तात्या बॅग उचलून घाईने दाराकडे निघाले.

"पळायचं नाही," बायको मागून सावकाश येत म्हणाली. "दादाने थांबवलीय."