मोटरीतला लाल टाका

विहिरीवरची मोटर चालू झाल्याचा आवाज कानी पडला, की केळापूर तालुक्यातल्या एका तांड्यावरचं घर अजून माझ्या डोळ्यांसमोर उभं राहतं. कापसाने दगा दिला त्या वर्षांतली ही गोष्ट. लागोपाठ दोन हंगाम बोंडं हाती लागली नव्हती. त्या घरातले नवराबायको दिवाळी झाली की ऊसतोडीला निघत, ते उन्हाळ्यातच परतत. मुलगी आजीजवळ राही. आपल्या मुलीच्या हातात कोयता द्यायचा नाही, खडू द्यायचा, हा बापाचा एकच हट्ट. म्हणून बारावीनंतर त्याने तिला डीएडला घातलं होतं.

मी तेव्हा तिथल्या ठाण्यात उपनिरीक्षक होतो. माझे बाबा बाभुळगाव तालुक्यात सालदार, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी, आणि हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. त्यामुळे शिक्षण सोडणारं पोर दिसलं की माझं डोकं फिरायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी चूक तिथेच झाली.

त्या वर्षी पावसाळा सरला आणि शेतातल्या मोटरी चोरीला जाऊ लागल्या. सकाळची हजेरी आटोपण्याआधीच ठाण्याच्या दारात कोणी ना कोणी फिर्याद घेऊन उभा. अशात हायवेवरच्या नाकाबंदीत एक टेम्पो सापडला. आत तीन मोटरी, नंबरच्या पट्ट्या घासून काढलेल्या, वरून ताजा हिरवा रंग. बरोबरचा भंगारवाला एकच सांगे, "जुन्या विकत घेतल्या साहेब." फिर्यादींना बोलावून मोटरी दाखवल्या, पण ओळख पटेना. रंग बदलला की सगळ्या मोटरी सारख्याच दिसतात. मुद्देमाल ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली पडून राहिला आणि तपास अडला.

मग टपरीवाल्याने खबर दिली. "साहेब, मोटर रिवायंडिंगच्या दुकानात एक पोरगी येऊन राह्यली. पाठीवर कॉलेजची बॅग, पण शिरते मागच्या दारानं. पाच वाजता निघते तं हात काळे. कॉलेजात काय कोळसा शिकवतेत?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन पंच आणि महिला शिपाई घेऊन मी दुकानात गेलो. दुकान साठीच्या एका उस्तादांचं. सगळे त्यांना चाचा म्हणत. मुलगी बाकड्यावर बसून जळालेल्या मोटरीत भरायची तांब्याची तार गुंडाळत होती. झडतीत चोरीचं काहीही निघालं नाही. चाचा म्हणाले, "साहब, बच्ची काम सीखती है, चोरी नहीं." पण मुलीने बॅग पोटाशी घट्ट धरली होती. ते मला खटकलं आणि मी दोघांना ठाण्यात आणलं.

चौकशीत तिने आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं. बापाचं नाव विचारलं की गप्प. तासभर हेच. बापाचं नाव लपवणारा बापाला वाचवत असतो, असा माझा समज. मी मनातल्या मनात बापाला टोळीत बसवूनही टाकलं. शेवटी महिला शिपायाने बॅग उघडली. आत घडी घातलेला कॉलेजचा गणवेश आणि कॉलेजची दोन पत्रं. आपली मुलगी गेल्या हिवाळ्यापासून गैरहजर आहे, असं पालकांना कळवलेलं. पाकिटावर बापाचं नाव होतं.

बापाला बोलावून घेतलं. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्र मी वाचून दाखवलं.

"साहेब, हेच पत्र हिनं मले वाचून दाखोलतं. पोरगी वर्गात पहिली आली असं लिहेल हाय म्हणे."

मग तो मुलीकडे वळला.

"म्या ऊस कायले तोडला?" तो तिला म्हणाला. "तुह्या हातात खडू यावा म्हणून."

"बा, तांड्यात दोन पोरी डीएड करून घरी बसून हायेत. आला काय त्यायच्या हातात खडू?"

"अन् तू मिस्त्रीगिरी करून राह्यली. लोक काय म्हणतीन?"

आता मी मध्ये पडलो. शिक्षणाचं महत्त्व, डिग्रीची किंमत, माझं स्वतःचं उदाहरण, सगळं ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, तुमच्या बाबाले तुमी पोलिसातच जावं असं वाटत होतं काय?"

महिला शिपायाने तोंड खिडकीकडे फिरवलं. माझ्या बाबांना मी तलाठी व्हायला हवा होतो. मी वर्दी घातली तेव्हा सहा महिने ते माझ्याशी धड बोलले नाहीत. मी सगळ्यांसाठी चहा सांगितला.

चहाच्या आधी मुलगी आवारातल्या नळावर हात धुवायला गेली, ती कडुनिंबाखालीच थांबली. एका मोटरीचं मागचं झाकण निखळलं होतं. तिने वाकून आत पाहिलं.

"ही म्या भरेल हाय."

"घ्या साहेब, कबुलीच दिली पोरीनं," शिपाई हसली.

मी विचारलं, कशावरून? तिने समजावून सांगितलं. कॉइल भरून झाल्या की त्यांची टोकं धाग्याने आवळून बांधतात. बाकीचे मिस्त्री पांढऱ्या धाग्याने साधी गाठ मारतात. ती लाल धाग्याने बांधायची, आणि आजी चोळीवर घालते तो टाका घालायची.

मी आधी तिच्याकडून तो टाका कागदावर काढून घेतला. मग पंचांसमोर, गावातल्या दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताने तिन्ही मोटरी उघडल्या. दोन मोटरींत वार्निशखाली तोच लाल टाका होता, कागदावरच्यासारखा. या दोन कोणी भरायला आणल्या होत्या, तेही तिला आठवत होतं. दोघेही आमचे फिर्यादी निघाले. भंगारवाल्याला धागा दाखवला. तसा तो साथीदारांची नावं सांगू लागला. आठवडाभरात टोळी आत गेली.

पण मला त्याहून जास्त आठवतो तो बाप. उघड्या मोटरीपाशी उकिडवा बसून त्याने त्या टाक्यावरून बोट फिरवलं.

"हा माह्या याडीचा टाका हाय," तो म्हणाला. याडी म्हणजे आई. मग चाचांकडे वळला. "हात बरा चालते काय हिचा?"

चाचा म्हणाले, "मेरी गाँठ मोटर गरम हुई तो ढीली पड़ती है, भाई. इसकी नहीं पड़ती."

बाप उठला, धोतर झटकलं. पोरीकडे न बघताच म्हणाला, "मंग मागच्या दारानं कायले जातं? समोरून जात जाय."

मी एवढंच म्हटलं, की काम कर, पण आयटीआयचा कागद हाताशी असू दे. ती म्हणाली, "साहेबाले कागदाबिगर चैनच पडत नाही." मी नाही म्हटलं नाही. कागदानेच मला सालदाराच्या घरातून वर काढलं होतं.

त्या दिवसापासून चौकशीत कोणी गप्प बसलं, की मी त्याला गुन्हेगार धरत नसे. हा कोणाला घाबरतो, हे आधी शोधत असे. पुष्कळदा ती व्यक्ती पोलीस नसते, घरचीच असते. आणि माझी मुलगी मोठी झाली तेव्हा तिने काय व्हावं, हे मी आधी तिलाच विचारलं.

त्या मुलीने आयटीआय पूर्ण केलं. आज हायवेला लागून तिचं स्वतःचं दुकान आहे, दार रस्त्याकडे. तांड्यातल्या त्या दोन डीएड झालेल्या पोरी तिच्याच हाताखाली काम शिकल्या. बापाने ऊसतोड सोडली. आलेल्या मोटरी उतरवून घेणं त्याच्याकडे असतं.