शेपटी कातरलेली पिल्लं

राजूरकडच्या त्या तलावावर कचरू भोई मासे धरायचा नाही, मोजायचा. तेही मोठे नव्हेत, बोटाएवढी पिल्लं. मत्स्य खात्याने त्याला मच्छरदाणीच्या कापडाचं एक जाळं आणि एक वही दिली होती. पोळा झाला की तलावाच्या सात जागी एकेकदा जाळं ओढायचं, पिल्लं मोजायची आणि तिथेच सोडायची. सगळी मिळून तीनशेच्या वर गेली, तर दोन वर्षांनी तलाव भोयांच्या सात घरांना पोसणार. नऊ वर्षांत त्याचा अंदाज एकदाही चुकला नव्हता. गावच्या जोशीबुवांना हे कधी जमलं नाही!

बहात्तरला तलाव तळापर्यंत भेगाळला. त्र्याहत्तरला पाणी आलं, पण सातही घरांनी बोचकी बांधून ठेवली होती. पिल्लं नसली तर पैठणला धरणाच्या कामावर जायचं. त्यात गिरिजाबाईचंही घर होतं. आई गेल्यावर या बहिणीनेच कचरूला वाढवलं होतं. त्या सात घरांत एकट्या कचरूची गणती नव्हती; ती गेली तर आपलं कोण उरतं, हा विचार त्याची पाठ सोडत नव्हता.

पहिल्या जागी त्रेचाळीस पिल्लं निघाली. दुसऱ्या जागी त्रेचाळीस. तिसऱ्या जागीही त्रेचाळीसच, आणि दरवेळी त्यातल्या एकाचा डोळा पांढरा. भर दुपार होती, वारा पडला होता, एक बगळाही दिसत नव्हता. कचरूने जाळं सांधायची कात्री काढली, एकेका पिल्लाच्या शेपटीचं टोक कातरलं आणि ती सोडून दिली. मग तलावाला वळसा घालून तो समोरच्या काठावर गेला. तिथेही त्रेचाळीस. सगळ्यांच्या शेपट्या कातरलेल्या.

सातव्या जागेपर्यंत तेच. तो चालला की काठालगत पाण्यात एक काळसर डाग चालायचा. तो थांबला की डागही थांबायचा.

त्रेचाळीस साती तीनशे एक. वहीत लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"किती रे?" बांधावरून गिरिजाबाईने विचारलं. "ऱ्हायचं का जायचं? जल्दी सांग, समदे वाट पाहून राह्यले."

तीनशे एक त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तिची लेकरं दोन वर्षं रिकाम्या पाण्याकडे बघत बसली असती.

"आक्का, अख्ख्या तलावात त्रेचाळीसच हायेत. जा तुम्ही," तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बैलगाड्या जुंपल्या. मोजायची खोड काही जात नाही. बाप्ये, बाया, कडेवरची पोरं, सगळे मोजून झाले. बेचाळीस. कचरूचा जीव भांड्यात पडला. ती त्रेचाळीस पिल्लं म्हणजे आपलीच माणसं तर नव्हेत, ही तीन दिवस उराशी असलेली भीती फुकाची निघाली.

"मोजत काय बसला?" गाडीतून गिरिजाबाई खेकसली. "तुझी वाकळ बी टाकली मी गाडीत. तुला सोडून जाईन म्हणून वाटलंच कसं तुला? चढ!"

तिच्या हाताला धरून तो वर चढला, आणि बेचाळिसांचे त्रेचाळीस झाले. गाडीवाट तलावाच्या काठाकाठानेच जात होती. कचरूने मान खाली घातली आणि पाण्याकडे एकदाही बघितलं नाही.