बँक नाही म्हणते

आमच्या गल्लीतल्या शिवणवाल्या काकूंचा जीव एका शब्दावर अडायचा. 'नाही' हा शब्द काही त्यांच्या तोंडातून फुटायचा नाही. दारात कुणी नुसतं खाकरलं तरी त्यांचा हात पैशांच्या डब्याकडे जायचा. यावर त्यांनी तोडगाही काढला होता. अभ्रे शिवून पैसे आले की कुणी मागायच्या आत त्यांची पातेली घ्यायची! पातेलं मागून नेणारा निदान पातेलं परत तरी आणतो. त्यामुळे घरात माणसं तीन आणि भांडी पलटणीला पुरतील एवढी. मशीनला मोटार मात्र नाही. गुडघे कुरकुरायला लागले तसं डॉक्टरांनी सांगितलं, "मोटार बसवा, नाहीतर शिवण सोडा."

अशात वळणावरच्या किराणा दुकानात अंगठा लावून पैसे भरायचं-काढायचं बँकेचं यंत्र आलं. सुनेने खातं काढून दिलं. व्याजबिज काकूंच्या डोक्यावरून गेलं. एक गोष्ट तेवढी चटकन कळली.

"माझी ना नाही हो," त्या मागणाऱ्याला सांगू लागल्या, "पण पैसे बँकेत आहेत. बँक नाही म्हणते."

बँकेला बिचारीला याचा पत्ताच नव्हता. घरात दूध जास्तीचं येऊ लागलं, सुनेच्या पायात धड चपला आल्या. भांडीवाला तर काकू अंथरुणाला खिळल्या की काय, म्हणून चौकशीला येऊन गेला.

मोटारीपुरते पैसे जमले आणि मोठी नणंद उगवली.

"वहिनी, नवा सोफा बघितलाय. थोडे कमी पडतायत."

"वन्सं, तुम्हाला का नाही म्हणेन? पण बँक..."

"कुठली बँक? तो किराणावालाच ना? चल, बघतेच त्याला."

काकूंचा हात धरून तिने दुकान गाठलं. "काय हो, हिचे पैसे का अडवता?"

किराणावाला साबणाची खोकी रचत होता. "मी कशाला अडवू? लावा काकू अंगठा."

यंत्र हटून बसेल अशी काकूंना फार आशा होती. मेल्याने पहिल्या फटक्यात ओळख दिली.

"किती काढू?"

नणंदेने आकडा सांगितला. काकूंनी किराणावाल्याकडे अशा नजरेने पाहिलं, की बाबा रे, तूच म्हण. तो आपला आकडा दाबायला लागला. मागे तेल घ्यायला आलेल्या बायका तेल विसरल्या.

"नाही," काकू पुटपुटल्या.

"अंगठा घेतला की त्याने," किराणावाला म्हणाला.

"यंत्र नाही. मी म्हणतेय, नाही. वन्सं, मला मोटार घ्यायचीय. गुडघे गेलेत माझे." घाम पुसून त्या किराणावाल्याकडे वळल्या. "मोटारीचे काढा. आत्ताच आणते."

नणंदेचं तोंड एवढंसं झालं. काकू पैसे घेऊन निघाल्या तरी ती तिथेच घुटमळली. मग स्टूल ओढून बसली.

"मलाही खातं काढून द्या हो एक," ती आवाज खाली आणून म्हणाली. "आमच्याकडे धाकटा दीर फार येतो."