खुरप्याच्या मुठीचं रिव्हॉल्व्हर

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या विहिरीनं तळ दाखवला आणि गाळ काढायला आम्ही चौघं-पाचजण आत उतरलो. येरमाळ्याच्या अलीकडं आमचं गाव. मी शाळामास्तर. शाळेला सुट्टी होती आणि घरात पाण्याच्या नावानं बोंब होती. तिसऱ्या दिवशी गाळाच्या पाटीतून एक रिव्हॉल्व्हर वर आलं.

मी वर चढून ते गोणपाटानं पुसलं. बाकीचे सगळे हे काय, कुणाचं, आत कसं आलं म्हणून ओरडत होते. काठावर माझे वडील, अण्णा, बसले होते. त्यांनी काहीच विचारलं नाही. एकदा बघितलं, उपरणं झटकलं आणि घराकडं चालू लागले.

माझा स्वभाव आधीच उतावळा. त्या न विचारण्यानं माझ्या डोक्यात जो किडा घुसला तो काही केल्या निघेना. निजामाची राजवट गेली त्या दिवसांत आमच्या भागात माणसांनी माणसं मारली. आधी रझाकारांनी, मग सूडाला पेटलेल्यांनी. त्यावर गावात कुणी चकार शब्द काढत नसे. तेव्हा मी सहा वर्षांचा, आईबरोबर वाशीला मामाकडं होतो. अण्णा मात्र गावातच होते. माझ्या बापानं कुणाचा जीव घेतला होता का, एवढंच मला कळायला हवं होतं.

"अण्णा, हे तुमचं का?"

"टाकून दे ते."

"कुठं टाकू?"

"कुठंबी टाक."

टाकतोय कसला! दुसऱ्याच दिवशी रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या पिशवीत ते खुपसलं आणि उस्मानाबादची एसटी धरली. शेजारी नेमका एक पोलीस येऊन बसला आणि येडशीपर्यंत माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत राहिला. मांडीवरची पिशवी मी दोन्ही हातांनी अशी आवळून धरली होती की समोरच्या बाईनं विचारलं, "गुरुजी, अंडी हायती का?"

उस्मानाबादेत एक म्हातारे उस्ताद होते. निजामाच्या पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली होती. आता ते स्टोव्ह आणि कुलपं दुरुस्त करत. त्यांनी आधी दार लोटून घेतलं, मग चष्मा लावला.

"सांगाडा विलायती हाय, लई जुना. असला माल म्या दोनदाच बघितला. दर बाराला अंगठ्यानं घोडा मागं वढायचा, मगच चाप. नुसता चाप दाबून काय होत न्हाय. गोळ्याबी बाजूच्या झाकणातनं एकेक भरायच्या." मग ते मुठीवर थांबले. "पण ही मूठ बंदूकवाल्याची न्हाय, गुरुजी. खुरप्यावाल्याची हाय."

खरंच, गाळातही न कुजलेल्या त्या बाभळीच्या मुठीला पितळेची शेंबी, म्हणजे कडं, होतं. आमच्याकडं खुरप्याच्या, विळ्याच्या मुठीला शेंबी असते, पण लोखंडी. पितळेची शेंबी पंचक्रोशीत फक्त आमच्या गावचा लोहार घालायचा. म्हणजे ही मूठ आमच्याच गावात बसवलेली होती.

गोळ्यांची चक्री गंजून घट्ट बसली होती. उस्तादांनी ती रॉकेलमध्ये बुडवली आणि चार दिवसांनी यायला सांगितलं. ते चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. अण्णा भाकरी मोडायचे आणि मी त्यांच्या हातांकडं बघत बसायचो. बायको म्हणाली, "तुम्हाला बाहेरचं काही लागलंय."

चार दिवसांनी गेलो तर सहा गोळ्या फडक्यावर मांडलेल्या होत्या. "एकबी उडालेली न्हाय," उस्ताद म्हणाले. मला नाचावंसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी त्यातली एक उलटी करून माझ्यापुढं धरली. बुडावर बारीकसा खड्डा होता. "हिच्यावर चाप वढलाय. बार उडाला न्हाय. घोड्याचं नाक, गोळीवर आपटतं ते, आखूड हाय ना. हे गंजानं झिजल्यालं न्हाय, कुणीतरी कानशीनं घासलंय. मुद्दाम."

त्यांनी माझ्यासमोर करवतीनं नळीचे तुकडे केले. "न्हायतर तुमीबी आत आन् आमीबी आत." घोडा तेवढा मी मागून घेतला.

एसटीतून उतरलो तो तडक लोहाराकडं. त्याला आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. त्यानं घोडा बोटांनी चाचपला आणि नाकावर अंगठा ठेवला.

"व्हय, म्याच केला. अण्णांनी मोडकं हत्यार आणलं, त्याला घोडाबी नव्हता आन् मूठबी न्हाय. न्हाय कसं म्हणू? वरसाचं बलुतं त्यांच्या खळ्यावरनं यायचं. पर त्यांच्या डोळ्यांतलं बरं दिसत नव्हतं त्या दिवसांत. म्हणून नाक जवभर कमी ठिवलं."

"त्यांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं आसतं तर दुसरीकडं न्हेलं आसतं की."

मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलोही. तो लाजून म्हणाला, "गुरुजी, हे काय!"

तिथून मी जवळजवळ पळतच घरी आलो. अण्णा ओसरीवर बसले होते. चोवीस वर्षं त्यांनी काळजावर ठेवलेला धोंडा आता आपण उतरवणार, या खुशीत मी त्यांना सगळं धडाधडा सांगून टाकलं. घोडा त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी हात लावला नाही.

"मला वाटायचं, गोळी सर्दावली आसंल," ते म्हणाले.

"माणूस कोण होता?"

"पाठमोरा हुता. पोरगी खांद्यावर घिऊन वढ्याकडं पळत हुता. घोडा वाजला तवा त्यानं वळून बघितलं."

"त्यानं तुमचं काय केलं होतं?"

"काय न्हाय."

मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली. दोन्ही एकदमच आलं. शेवटी वर्गात पोरांना समजावतो तसं म्हणालो, "पण अण्णा, तो वाचला ना? तुमच्या हातून काही झालं नाही."

"झालं न्हाय ते लोहारामुळं," अण्णा म्हणाले. "म्या चाप वढला तवाच माझ्या हातनं झालं."