दोन बोटं माया

मास्तरांचं शिवणकामाचं दुकान माडीवर आणि घर खाली. मधे अठरा पायऱ्या, त्याही शिडीच्या सख्ख्या बहिणी. वर मास्तर कापड बेतायचे, मशीन मारायचे. समोर स्टुलावर मास्तरीण काजं करायची, बटणं लावायची, तुरपाई घालायची. पंचवीस वर्षं दोघं अशी समोरासमोर बसली आणि दिवसभर एकमेकांची उणीदुणी काढत राहिली. त्याशिवाय मशीनसुद्धा चालायचं नाही म्हणा ना.

मास्तरांचा एक नेम होता. कुणी बाई कापड घेऊन आली आणि म्हणाली, "जरा तंगच शिवा, मी बारीक होणार आहे," की मास्तर गळ्यातली टेप ओढत म्हणायचे, "बाई, मी आजच्या अंगाचं माप घेतो. उद्याचं अंग उद्या घेऊन या." वर प्रत्येक शिवणीच्या आत दोन बोटं माया सोडायचे. माया म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. अंग सुटलं की शिवण उसवायची आणि कपडा सैल करून घ्यायचा. गिऱ्हाइकाची अब्रू आत दडलेली असते, असं मास्तर म्हणायचे.

पुढे मास्तरणीचे गुडघे धरले. चढताना ती पायरीगणिक मास्तरांच्या एकेका पूर्वजाचा उद्धार करायची. पूर्वज संपले आणि तिचं वर येणंही संपलं. मग मास्तर सकाळी कामाचं गाठोडं खाली द्यायचे, संध्याकाळी वर आणायचे. समोरचं स्टूल रिकामं. भांडायला कुणी नाही, तर माणूस सुया हरवतो. मास्तर रोज एक हरवू लागले.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरणीला काट्यावर उभं केलं. "चौऱ्याऐंशी. आपण एकोणऐंशी धरू. सहा-सात महिने घ्या, घाई नको. पाच किलो गेले तरी गुडघ्यांना कळेल. पुढचं पुढे बघू."

मास्तरांना ते पटलं नाही. "पाच किलो म्हणजे काय! हत्तीच्या कानातला मळ."

"हत्तीण कुणाला म्हणता?"

"कानाला म्हणालो."

त्यांनी माळ्यावरून मापांची जुनी वही काढली. पिवळ्या पडलेल्या पानावर बायकोचं माप होतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीचं. छाती बत्तीस, कंबर सत्तावीस. "तेव्हा वजन किती होतं गं?"

"अठ्ठावन्न असेल. अहो, पण ती वहीतली पोर तेवीस वर्षांची होती. तिनं तीन बाळंतपणं काढली नव्हती, की तुमच्यासमोर बूड टेकून जन्मभर तुरपाई केली नव्हती."

"मग ठरलं. अठ्ठावन्न," मास्तर म्हणाले आणि वर जाऊन बेतायच्या टेबलामागच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहिला.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण माणूस इरेला पेटला. ट्रंकेत जपून ठेवलेलं गर्द हिरवं कापड होतं, बायकोच्या आवडीचं. त्याचा त्यांनी ड्रेस शिवला, वहीतल्या मापाचा. कंबरेला एक इंच मोठ्या मनानं जास्त दिला. आणि आयुष्यात पहिल्यांदा शिवणीत माया सोडली नाही. जादा कापड शिवणीला लागून कापून टाकलं. खाली येऊन बायकोला सांगितलंही, "उद्या म्हणशील, जरा उसवून द्या. ते चालायचं नाही."

ती म्हणाली, "जगाच्या कपड्यात माया, आणि माझ्याच कपड्यात नाही होय?"

मास्तर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मास्तरणीनं मात्र नेटानं केलं. चहातली साखर सोडली, ताटातले चार घास कमी केले, सकाळ-संध्याकाळ अंगणात फेऱ्या घातल्या. सात महिने लागले. एका दुपारी मास्तर बाही बेतत होते आणि जिन्यात पावलं वाजली. दारात ती उभी. धापा टाकत होती, पण तोंड असं फुललेलं की पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"अहो, एकोणऐंशी भरलं! आणि अठराच्या अठरा चढले. एकदाच थांबले."

मास्तरांनी तिच्या तोंडाकडे बघायला हवं होतं. शिंप्याची नजर, ती कंबरेवर गेली. त्यांनी टेप घेतली, तिच्याभोवती फिरवली आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. "अडतीस. अजून दहा इंच. म्हणजे एकवीस किलो राहिले बघ."

ती जाऊन आपल्या स्टुलावर बसली, सुई ओवली, एका झग्याची वीतभर तुरपाई घातली. मग सुई कापडात खोचून ठेवली. "बरं," म्हणाली आणि उतरून गेली.

नंतर तिनं महिनाभर पोटाला चिमटा काढला. एक दिवस न्हाणीत घेरी येऊन पडली. डॉक्टरीणबाई चिडल्या. "तुमचं ठरलेलं कधीच झालं होतं! हा अठ्ठावन्नचा आकडा दिला कुणी?" मास्तर शेजारीच उभे होते. मास्तरीण म्हणाली, "कुणी नाही. माझ्याच डोक्यात आला." तिथं मास्तर जमिनीत जायचे बाकी राहिले.

मग तिनं सगळंच सोडलं. साखर परत आली, फेऱ्या बंद झाल्या. दीड वर्षात काटा अठ्ठ्याऐंशीवर गेला.

परवा मास्तरांनी तो ड्रेस खुंटीवरून काढला. निदान तिच्या अंगात जाईल एवढा करू म्हणून पात्यानं शिवण उसवली. आत सूतभर कापड नव्हतं. असणार कुठून? हात त्यांचाच होता. दुकानं पालथी घातली, तसलं हिरवं कुठं मिळालं नाही. शेवटी टेप आणि वही घेऊन ते खाली उतरले.

मास्तरीण बटणं लावत होती. मान वर न करता म्हणाली, "कुठल्या अंगाचं माप घेताय, मास्तर?"

"आजच्या."

"घ्या."

त्यांनी घेतलं. वहीत जुन्या मापाखाली नवं लिहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "डॉक्टरीणबाई म्हणतात, पुन्हा पाचच किलो धरू. त्र्याऐंशी. मी मधे बोलणार नाही. सावकाश वर ये."

"वर येऊन काय ऐकायचं ते ऐकून झालं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मास्तरांनी भांडून घेतलं असतं. तिनं दातानं दोरा तोडला. "शिवा नवीन. माया ठेवा."

"चार बोटं ठेवतो."

"दोन पुरे."

गाठोडं काखेत मारून मास्तर जिना चढू लागले. हल्ली त्यांचेही गुडघे कुरकुरतात. अकराव्या पायरीवर दम लागला, तसे भिंतीला हात लावून थांबले. तिथं भिंतीवर पंजाएवढा डाग होता, हाताच्या घामाचा, जुना. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचाही असेल, गिऱ्हाइकाचा असेल. एकदाच थांबले, ती म्हणाली होती. कुठल्या पायरीवर, ते त्यांनी विचारलंच नव्हतं.